कोल्हापूर ते साणंद : गाडी दिवसा हाणायची की रात्री?

नवा ड्रायव्हर आला की पगार आणि भत्ता ठरल्यावर त्याचा तिसरा प्रश्न ठरलेला असतो. "मालक, गाडी दिवसा चालवायची का रात्री?" बरेच मालक "माल वेळेत पोचव, बाकी तुझं तू बघ" म्हणून मोकळे होतात. मी स्वतः अकरा वर्षं स्टेअरिंगवर काढली, आता १४ टायरच्या दोन गाड्या आहेत. मला तसं मोकळं होता येत नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एक लाईन धरू. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, भरायचं आणि गुजरातेत साणंदला खाली करायचं. कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, बोरघाट, कळंबोली, घोडबंदर, मनोर, वापी, सुरत, बडोदा. साधारण ९०० किलोमीटर, गाडीवर ड्रायव्हर एकच.

वेळेच्या हिशोबात रात्र सरळ जिंकते. रात्री माझ्या गाडीला ताशी ४५ ते ५० ची सरासरी पडते, दिवसा ३५ पडली तरी देव पावला. सातारा-कोल्हापूर रस्त्याच्या सहापदरीकरणामुळे जागोजागी वळण रस्ते, त्यात दुचाक्या, एसटी, लग्नाची वऱ्हाडं. गिअर बदलून बदलून डावा पाय भरून येतो. रात्री नऊला शिरोली सोडली तर सकाळी मनोर. दिवसभर तिथे झोप, संध्याकाळी परत चाल, आणि दुसऱ्या पहाटे साणंदच्या गेटवर नंबर लागलेला. शहरांचंही तसंच. ठाणे-घोडबंदर भागात अवजड गाड्यांना दिवसा वेळेची बंदी असते आणि त्या वेळा बदलत राहतात. दिवसा गेलात तर कुठेतरी कडेला गाडी लावून घड्याळाकडे बघत बसायचं.

डिझेलही थोडं वाचतं. भरलेली गाडी मला दिवसा लिटरला साडेतीन देते, रात्री पावणेचारच्या आसपास. ९०० किलोमीटरला सतरा लिटरचा फरक, म्हणजे दीड हजार रुपये. टायर गार राहतात, हे त्याहून मोठं. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, टायर फुटल्याचे माझे बहुतेक प्रसंग एप्रिल-मे महिन्यातल्या भर दुपारचे आहेत.

मग दिवसाच्या पारड्यात काय? पहिलं म्हणजे दिसतं. ऐकायला साधं वाटतं, पण उसाच्या हंगामात कराड ते कोल्हापूर रात्री चालवून बघा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. डिपरवर, म्हणजे खाली पाडलेल्या लाईटवर, समोरचं जेमतेम चाळीस-पन्नास मीटर उजेडात येतं. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते आणि भरलेला लोड थांबायला त्या उजेडापेक्षा जास्त अंतर लागतं. समोरचा अप्पर, म्हणजे डोळ्यांवर येणारी वरची लाईट, मारत आला तर तेवढंही दिसत नाही. दुसरं म्हणजे बिघाड झाला तर मिस्त्री, पंक्चरवाला, स्पेअर पार्टचं दुकान, सगळं दिवसा उघडं असतं. ताडपत्री फाडून माल काढणं, उभ्या गाडीतून डिझेल काढणं हे धंदेही अंधारातच जास्त चालतात.

अपघाताचं काय, असं सगळेच विचारतात. इथे आकडे थोडे फसवतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे वार्षिक अहवाल बघितले तर सर्वाधिक अपघात मध्यरात्री होत नाहीत. ते होतात संध्याकाळी ६ ते ९ या तीन तासांत, एकूण अपघातांच्या सुमारे पाचवा हिस्सा. मध्यरात्रीनंतरचे आकडे त्यामानाने बरेच कमी दिसतात. त्यावरून "रात्र सुरक्षित" असं सांगणारे मला भेटलेत. अहो, त्या वेळी रस्त्यावर गाड्याच किती असतात! पण त्या आकड्यातून मी एक गोष्ट उचलली : संध्याकाळी सहा ते नऊ गाडी चालवायचीच नाही. दिवेलागणीला अंधार पुरता झालेला नसतो, निम्म्यांनी लाईट लावलेली नसते, आणि सगळ्या गावाला त्याच वेळी घरी जायचं असतं.

दुसरी वेळ पहाटे दोन ते पाच. ती मला आकड्यांनी शिकवली नाही.

तेव्हा फास्टॅग नव्हता, टोल रोख द्यायचो. मनोरला चहा घेऊन निघालो होतो, तीन वाजून गेले असतील. अच्छाडला गुजरातच्या बॉर्डरजवळ आल्यावर वाटलं, चारोटीचा टोलनाका अजून कसा आला नाही? शर्टाच्या खिशात हात घातला तर चारोटीची पावती. पैसे दिलेले, सुटे घेतलेले, खिशात नीट घडी करून ठेवलेले. मला त्यातलं काही आठवत नव्हतं. पंचवीस-तीस किलोमीटर चाळीस हजार किलोचं धूड मी डोळे उघडे ठेवून चालवलं होतं आणि त्या गाडीत मी नव्हतो. पुढच्या ढाब्यावर गाडी लावली आणि उजाडेपर्यंत खाली उतरलो नाही. पाय थरथरत होते.

त्या खेपेला निघायच्या दिवशी मी सकाळी सातला उठलो होतो. दिवसभर फौंड्रीच्या आवारात लोडिंगला उभा, मग नऊला गाडी काढली, खंबाटकी-पुणे-बोरघाट ओलांडून पहाटे कळंबोली. तिथे सावली शोधत दिवस काढला, झोप झाली दीड-दोन तास, आणि रात्री परत स्टेअरिंग. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा होतो. आपल्याकडे दारूची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. पण फुंकायला लावतात ते दारूसाठी, झोपेसाठी कुणी लावत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की रात्र निवडताना रात्रीकडे बघू नका, दुसऱ्या दिवसाकडे बघा. रात्री चालवणं अवघड नाही. अवघड असतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनमध्ये झोपणं. इंजिन केबिनखालीच, तासभर गाडी बंद केली तरी बोनेटला हात लाववत नाही. वरून पत्रा तापलेला. एका बाजूचा दरवाजा उघडा ठेवला तर माशा, दोन्ही बंद केले तर घाम. त्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन, "कुठे पोचलास?" मग माल मागवणाऱ्या पार्टीचा फोन, मग घरचा. सहा तास आडवा पडलेला माणूस दोन तासही झोपलेला नसतो. २०२५ मध्ये नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण उभ्या गाडीत एसी म्हणजे इंजिन चालू, आणि इंजिन चालू म्हणजे संध्याकाळी मालकाचा डिझेलचा हिशोब. जुन्या गाड्यांचा तर प्रश्नच नाही.

दिवसा चालवणारा रात्री झोपतो. गार हवा, फोन बंद, अंग आपोआप पडतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी माझ्या गाड्या बऱ्याच अंशी दिवसावर आणल्या. पूर्ण नाही.

सध्या आमचं असं चालतं. संध्याकाळी गाडी भरून शिरोलीतच लावायची, ड्रायव्हर घरी झोपतो. झोप पुरी झालेली असते, म्हणून पहाटे चारला निघालेलं चालतं. साताऱ्यापुढे नाष्टा, शिरवळला जरा रेंगाळायचं, म्हणजे पुण्यातली सकाळची गर्दी ओसरते. कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंतचा उतार गिअरमध्येच उतरायचा, न्यूट्रल केलेली दिसली तर मी त्या दिवशीच हिशोब करून टाकतो. दुपारी बोरघाट, चारच्या आत कळंबोली. जेवून झोप. रात्री साडेअकराच्या पुढे ठाणे-घोडबंदर ओलांडायचं आणि दोनच्या सुमाराला मनोर. दोन ते पाच गाडी बंद. पाचला निघालं की दुपारपर्यंत बडोदा, संध्याकाळच्या आत साणंद, आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी गेटवर.

यात तोटा आहे, तो लपवत नाही. नुसत्या रात्रीच्या हिशोबापेक्षा गाडी एक दिवस उशिरा खाली होते. महिन्याला एखादी खेप कमी बसते. ट्रान्सपोर्टवाले कुरकुर करतात, एकाने तर काम दुसरीकडे दिलं. पण मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, म्हणजे ई-वे बिलाला, २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, ९०० ला पाच दिवस. कागदाला घाई नाही, घाई माणसांना आहे. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती हे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. मला भेटलेल्या ड्रायव्हरांपैकी ते कुणी पाळलेलं आठवत नाही, माझ्यासकट.

सगळ्यांना हे जमणार नाही. वाशीच्या मार्केटला भाजीपाला नेणाऱ्याला निवड नसते, माल मध्यरात्रीनंतर गाळ्यावर लागतो. तिथे दोन ड्रायव्हर ठेवा, नाहीतर ते भाडं सोडा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे जाणारी गाडी मीही रात्री काढीन, ४५ च्या पाऱ्यात दुपारी रिमोल्ड टायरवर चालण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात मात्र उलट. कसारा घाटात धुकं उतरलं की उजाडेपर्यंत खालीच थांबलेलं बरं.

नव्या ड्रायव्हरला आता मीच उलट विचारतो, "दुपारी झोप लागते का तुला?" बहुतेक जण पटकन म्हणतात, "लागते की, कुठंबी लागते." मग त्याला म्हणतो, जा, अंगणात गाडी उभी आहे, दोन वाजलेत, तासभर झोपून ये. आजवर एकच जण खरोखर झोपला. तो रात्रीच्या गाडीवर आहे.