फुकटच्या रिन्यूअलचे मी 7,080 रुपये भरले

ओटीपी दिला नाही, पासवर्ड दिला नाही, कुठलं ॲप उतरवून स्क्रीनचा ताबा दिला नाही. तरी फसले. उलट एवढं सगळं सांभाळलं म्हणूनच बेसावध राहिले असं आता वाटतं.

मार्च 2023 मध्ये मी ॲझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेवरची परीक्षा पास झाले आणि डेव्हलपर असोसिएट हे सर्टिफिकेट मिळवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये फोन आला. "मॅडम, तुमचं सर्टिफिकेट 21 मार्चला एक्स्पायर होतंय. रिन्यूअल करून घेणार ना?" तारीख अचूक, परीक्षेचं नाव अचूक. मला वाटलं, एवढी माहिती असलेला माणूस अधिकृतच असणार. पुढे लक्षात आलं की ती तारीख मीच जगजाहीर केली होती. लिंक्डइनवर सर्टिफिकेट टाकताना मुदत संपण्याचा महिनाही भरला होता, आणि अभिनंदन घ्यायला लावलेल्या फोटोत दिवससुद्धा वाचता येत होता.

आधी त्याने डम्प, म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न, विकायचा प्रयत्न केला, "शंभर टक्के पास". असे प्रश्न पाठ करून परीक्षा दिल्याचं उघडकीला आलं तर सर्टिफिकेट जातंच, पुढे परीक्षा द्यायलाही बंदी येऊ शकते. हे मला माहीत होतं, म्हणून ठाम नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "मग मॅडम, साधं रिन्यूअल घ्या. सहा हजार अधिक जीएसटी." परीक्षा नाही, काही नाही. अनुभवी लोकांना म्हणे सूट असते.

इथे माझं गणित चुकलं. त्याआधी मी ॲमेझॉनच्या क्लाउडचं डेव्हलपर असोसिएट सर्टिफिकेट केलं होतं. त्याची फी 150 डॉलर, म्हणजे साडेबारा हजारांच्या घरात. ते तीन वर्षं चालतं आणि पुढे टिकवायचं तर साधारणपणे पुन्हा परीक्षाच द्यावी लागते. त्या हिशोबाने 7,080 रुपये मला स्वस्त वाटले! प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा, आणि तोही बदलत राहतो. कुबरनेटीस या सर्व्हरवर ॲप्स चालवायच्या सॉफ्टवेअरची सर्टिफिकेटं आधी तीन वर्षं चालायची, एप्रिल 2024 पासून ती दोनच वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टची फंडामेंटल्स, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची सर्टिफिकेटं, संपतच नाहीत, पण असोसिएट दर वर्षी रिन्यू करावं लागतं. आमच्यासारख्यांच्या याच गोंधळावर या मंडळींचं दुकान चालतं.

पैसे भरले. पावती आली, जीएसटी नंबरसकट. सुरुवातीला महाराष्ट्राचा 27, त्यामुळे शंका आली नाही. नंतर मोजलं तर नंबर चौदाच अक्षरी. खरा पंधरा अक्षरी असतो. दोन दिवसांनी झकास पीडीएफ आली, "2027 पर्यंत वैध". एक वर्षाच्या सर्टिफिकेटला तीन वर्षांची मुदत कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. क्यूआर कोड स्कॅन केला तर माझ्या नावाचं पान उघडलं. ते त्यांच्याच वेबसाइटवरचं होतं, हे पाहण्याची तसदी मी घेतली नाही.

मे महिन्यात क्लायंटच्या ऑडिटसाठी मॅनेजरने पीडीएफ नव्हे, मायक्रोसॉफ्टच्या ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे त्यांच्याकडच्या माझ्या सर्टिफिकेटांच्या अधिकृत नोंदीची, लिंक मागितली. मी उघडली, तर मुदत संपलेली. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून हे दिसलं, ती दहा मिनिटं सांगण्यासारखी नाहीत.

खरी गोष्ट तेव्हा कळली. मायक्रोसॉफ्टचं रिन्यूअल फुकट असतं. मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून त्यांच्याच लर्न साइटवर छोटी चाचणी देता येते. घरबसल्या, पुस्तक उघडं ठेवून, कोणी निरीक्षक नाही. प्रश्न मधल्या काळात काय बदललं त्यावर असतात. नापास झालात तर मुदतीच्या आत पुन्हा द्या. आठवणीचे मेलही येतात. माझे येत होते कॉलेजच्या काळातल्या एका पत्त्यावर, जो मी वर्षभर उघडला नव्हता. आणि मुदत एकदा उलटली की ही सोय संपते. मग पूर्ण परीक्षा पुन्हा, पूर्ण फी भरून. जूनमध्ये मी तेच केलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. पण तीन महिन्यांनी. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

ऑफिसात जेवताना हे सगळं हसत हसत सांगितलं. टीममधला एक पोरगा एकदम गप्प झाला. डबा बाजूला सारून त्याने मोबाइल पुढे केला. "ताई, हीच का?" तीच पीडीएफ, तीच सही, फक्त नाव त्याचं. मी त्याला आधी खरी तारीख बघायला लावली. अकरा दिवस बाकी होते.

संध्याकाळी त्याला माझ्याच शेजारी बसवलं. लॉगिन केलं, चाचणी दिली. पहिल्या वेळी थोडक्यात हुकला, दुसऱ्या वेळी पास. खर्च झाला तो दोन चहांचा, तोही त्याने मला देऊ दिला नाही.