रिक्रूटिंगच्या बातम्यांचं सबस्क्रिप्शन: सहा वर्षं पैसे भरल्यावर

ओळखीतल्या दोघांनी विचारलं की मुलं हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या मागे लागली आहेत, तर रिक्रूटिंगच्या म्हणजे कॉलेजं खेळाडू कसे निवडतात याच्या बातम्या देणाऱ्या साइटचं सबस्क्रिप्शन घ्यावं का. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. साइटचं नाव मुद्दाम टाकत नाही. माझी एक तक्रार आहे, पण त्यासाठी मला कोणाची बदनामी करायची नाही.

मी हे स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. डिसेंबर 2019 मध्ये शेजारच्या आजोबांना भेट म्हणून घेतलं. ते युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे जुने विद्यार्थी. शरद ऋतू लागला की त्यांच्या दारावर जांभळा-सोनेरी झेंडा चढतो. ऑनलाइन कार्ड द्यायची त्यांना भीती वाटते, म्हणून पैसे मी भरते आणि सकाळी आमच्या स्वयंपाकघरात चहा घेताना आम्ही दोघं ते टॅबवर वाचतो. आम्ही इथे अमेरिकेत, सिएटलजवळच्या सॅमामिशला नवीन आलो तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात आमची गाडी बर्फात रुतली होती. फावडं घेऊन आले ते हेच. तेव्हापासून आमची लेक त्यांना आजोबाच म्हणते, आणि शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या मॅचला तिला आणि मला घेऊन जाणारेही तेच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथली कॉलेजं हायस्कूलमधली मुलं हेरतात, स्कॉलरशिप देऊ करतात आणि मुलगा त्यातलं एक कॉलेज निवडतो. साइट प्रत्येक मुलाला तारे देते. पाच तारे देशभरातून वर्षाला साधारण तीसेक मुलांनाच मिळतात. प्रत्येक मोठ्या कॉलेजमागे साइटचे वार्ताहर असतात. कोण कुठलं कॉलेज बघायला गेला, कुठला कोच कोणाच्या घरी जेवून आला, हे सगळं ते रोज लिहितात. महिन्याला दहा डॉलरच्या आसपास पडतात, वर्षाचे एकदम भरले तर थोडे कमी.

चांगलं काय, तर खेळाची समज खरोखर वाढते. दहावीतल्या पोराचे दोन मिनिटांचे व्हिडिओ, त्याखाली जाणकार माणसाने लिहिलेलं की हा पाय कसा टाकतो, हात कुठे ठेवतो, पहिली झेप किती लवकर घेतो. सीहॉक्सच्या, म्हणजे सिएटलच्या व्यावसायिक संघाच्या मॅचमध्ये मला नुसती झोंबाझोंबी दिसायची. आता मी लाइनमनचे, म्हणजे पुढच्या रांगेत समोरासमोर भिडणाऱ्यांचे हात बघते. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातून हायस्कूलच्या खेळाची पानं कमी होत चालली आहेत. अशा वेळी गावोगावच्या मैदानांवर जाऊन लिहिणारं कोणी असणं ही मोठी गोष्ट आहे.

आता तक्रार. त्यासाठी 2021 च्या उन्हाळ्यात जावं लागेल.

जे. टी. तुइमोलोआउ हा आमच्या सॅमामिशमधल्याच ईस्टसाइड कॅथलिक हायस्कूलचा. डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकवर, चेंडू फेकणाऱ्यावर, धावून जाणारा. पाच तारे, आणि त्या वर्षी देशातल्या अगदी वरच्या दोनचार मुलांत त्याचं नाव. त्याच्या शाळेने 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोन वर्षं राज्याची 3ए गटाची स्पर्धा जिंकली होती. आजोबांनी त्याला प्रेक्षकांच्या बाकांवरून खेळताना बघितलेलं. त्यांच्याकडे मॅचला मिळणारी छापील पत्रकं आहेत, मधोमध घडी घातलेली. त्यात त्याच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आणि शेजारी उभ्या खुणा, प्रत्येक टॅकलला, म्हणजे समोरच्याला पकडून पाडलं की, एक. पाचवी खूण आडवी. आमच्या कराडच्या बाजारात पोती मोजताना हमाल अशाच खुणा करायचे, त्यामुळे ती पत्रकं पहिल्यांदा बघितली तेव्हा मला एकदम घरचं काही सापडल्यासारखं झालं.

कोविडमुळे मार्च 2020 पासून मे 2021 च्या अखेरीपर्यंत कॉलेजांना मुलांना बोलावून भेटायची बंदी होती. बहुतेक मुलांनी तशाच सह्या करून टाकल्या. हा थांबला. जूनमध्ये बंदी उठल्यावर एकेक कॉलेज बघून आला: ओहायो स्टेट, ऑरेगॉन, अलाबामा, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि घरचं वॉशिंग्टन. ओहायो स्टेटचं पारडं जड आहे असं खूप आधीपासून बोललं जात होतं. त्याच्याच वयाचा, टॅकोमाजवळच्या स्टीलाकूमचा एमेका एग्बुकाने डिसेंबर 2020 मध्येच तिकडे जायचं जाहीर केलं होतं. तरी त्या जूनमध्ये आमच्या साइटवर रोज एक लेख. अजून दार उघडं आहे, आई-वडिलांना जवळचं बरं वाटेल, वॉशिंग्टनच्या कोचशी शेवटची भेट छान झाली. आत कुठेही पक्की माहिती नाही. मथळा मात्र असा, की सत्तरी ओलांडलेला माणूस सकाळी साडेसहाला आमची बेल वाजवायचा.

4 जुलैला त्याने ओहायो स्टेट जाहीर केलं.

आमच्या गल्लीत त्या दिवशी सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. टॅबवर नोटिफिकेशन आलं, त्याचा पहिलाच शब्द होता ‘गमावला’. आजोबा शेगडीपाशी मक्याची कणसं भाजत उभे होते. त्यांनी वाचलं, चिमटा ठेवला, आणि काही न बोलता घरात गेले. कणसांची एक बाजू काळी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाकीचे मात्र बोलतच राहिले. कोचला काही जमत नाही. पोरगा पैशाला भुलला (खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळून तीनच दिवस झाले होते). एकजण तर म्हणाला, गावानं मोठं केलं आणि गावालाच पाठ दाखवली. हे बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यातल्याच एकाने लॉकडाऊनमध्ये आमचं सामान आणून दिलेलं. पण ज्या मुलाबद्दल बोलत होते तो नुकताच बारावी झालेला होता, आणि त्याने कोणालाही कसलाही शब्द दिलेला नव्हता.

मला राग आला तो साइटचा. वर्षभर ते आम्हाला ‘आपला’ म्हणून एक मुलगा दाखवतात, आणि त्याने मनासारखं ठरवलं की त्याच पानावर ‘गमावला’ लिहितात. आपण पैसे भरतो ते बातमीसाठी. तिच्याबरोबर ही हक्काची भावना नकळत घरात येते. खाशाबा जाधव आमच्या कराडशेजारच्या गोळेश्वरचे. शिकले, तयार झाले ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, आणि 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा तिथल्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. माझे आजोबा हे सांगताना कोल्हापूरचं नाव आदरानं घ्यायचे. कोल्हापूरनं आमचा माणूस नेला, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आणखी एक, व्यवहाराची तक्रार. त्याच जूनमध्ये मी मासिक योजना बंद करायला गेले तर बटणच सापडेना. शेवटी फोन करावा लागला, चाळीस मिनिटं गेली, आणि तोवर पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेले होते. ते परत मिळाले नाहीत. घेणार असाल तर सरळ वर्षाचं घ्या आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करून ठेवा. नोटिफिकेशनही बंद ठेवा. व्हिडिओ बघा, खेळाडूंवरचे लेख वाचा. कोण कुठे जाणार याचे अंदाज असलेलं पान आम्ही दोघांनी ठरवून उघडायचं सोडलं, आणि सकाळचा चहा पुन्हा निवांत झाला.

त्या वर्षी वॉशिंग्टनचा सिझन फार वाईट गेला. पहिल्याच मॅचला खालच्या गटातल्या मोंटानाकडून 13-7 हार, शेवटी 4-8. आजोबा एकही घरची मॅच चुकले नाहीत. पुढच्या ऑक्टोबरमध्ये पेन स्टेटविरुद्ध तुइमोलोआउने दोन इंटरसेप्शन घेतली, म्हणजे समोरच्यांनी फेकलेला चेंडू मधेच पकडला, आणि एक थेट टचडाऊनपर्यंत नेलं. ती मॅच त्यांनी आमच्याकडेच बघितली. दोन वर्षांनी 2023 च्या सिझनला वॉशिंग्टन राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्स फ्लोरिडातल्या टॅम्पाचा, त्याचे चेंडू झेलणारा रोम ओडुन्झे लास वेगासचा. टॅम्पातही कोणीतरी पत्रकावर पेनिक्सच्या नावाखाली रेघ मारली असेल, असं मी आजोबांना म्हटलं. ते बराच वेळ तळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, त्या माणसाला भेटायला आवडेल.

20 जानेवारी 2025 ला अटलांटात राष्ट्रीय अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने नोत्र दामला 34-23 हरवलं तेव्हा सॅमामिशचा आणि स्टीलाकूमचा, दोघेही मैदानात होते. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये एग्बुकाला टॅम्पा बे बकनीअर्सने पहिल्या फेरीत, एकोणिसावा घेतलं. दुसऱ्या दिवशी तुइमोलोआउ इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला. आजोबा जुनी पत्रकं घेऊन आमच्याकडे आले, लेकीला खुणा दाखवल्या, आणि त्यातलं एक तिला ठेवून घ्यायला दिलं.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. लेखांना आणि व्हिडिओंना साडेचार दिले असते. भाषेने आणि पैसे कापण्याच्या पद्धतीने बाकीचे गेले. डिसेंबरमध्ये मी पुन्हा वर्षाचे पैसे भरणार आहे, कारण पलीकडच्या गल्लीतला नववीतला एक मुलगा आजोबांच्या नजरेत भरला आहे आणि त्याचा व्हिडिओ कधी येतोय, हे ते रोज विचारतात.