प्रकटीकरण वाचण्याच्या चार पद्धती: कोणती कुठे टिकते, कुठे अडखळते

अंतकाळाच्या भविष्यवाण्यांवर अभ्यासवर्ग घ्यायचा असो की त्यावरचे एखादे भाष्य निवडायचे असो, बहुतेक जण सुरुवात ‘श्वापद कोण?’ या प्रश्नाने करतात. त्याआधीचा प्रश्न मात्र सुटून जातो: बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकात, योहानाच्या प्रकटीकरणात, चाललेले हे बोलणे कोणत्या काळाविषयी आहे? योहानाच्या पहिल्या वाचकांच्या काळाविषयी, असे मानणारे भूतलक्षी. पहिल्या शतकापासून ख्रिस्ताच्या पुनरागमनापर्यंतच्या सलग इतिहासाविषयी, असे मानणारे इतिहासलक्षी. चौथ्या अध्यायापासून पुढचे जवळपास सगळे अजून घडायचे आहे म्हणणारे भविष्यलक्षी. आणि हे कोणत्याही एका काळाचे वेळापत्रक नसून देवाचे राज्य व दुष्टता यांच्या झगड्याचे चित्र आहे म्हणणारे प्रतीकलक्षी. ख्रिस्त पुन्हा येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, याबद्दल या चारही पद्धतींच्या मुख्य प्रवाहात वाद नाही. वाद आहे तो या टोकापर्यंत पोहोचणाऱ्या वाटेचा.

भूतलक्षी वाचन

याची सर्वांत भक्कम बाजू पुस्तकाच्या दोन्ही टोकांना आहे. १:१ मध्ये ‘लवकर’ घडणाऱ्या गोष्टी म्हटले आहे. दानीएलाला त्याचे पुस्तक अंतकाळापर्यंत शिक्का मारून बंद ठेवायला सांगितले होते (१२:४), तर योहानाला नेमके उलटे सांगितले आहे: शिक्का मारू नको, वेळ जवळ आली आहे (२२:१०). सात डोंगरांवर बसलेली, ‘बाबेल’ नावाची कलावंतीण (१७:९) म्हणजे रोम, हे पहिल्या शतकातल्या वाचकाला फोड करून सांगावे लागले नसते.

श्वापदाच्या ६६६ या आकड्याचा हिशेबही इथेच नीट बसतो. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो; रोमन सम्राट नेरोचे ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर बेरीज होते ५० + २०० + ६ + ५० + १०० + ६० + २०० = ६६६. नावाच्या लॅटिन रूपाप्रमाणे शेवटचा ‘न’ काढला तर उरतात ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. एकाच नावाने दोन्ही पाठांचा उलगडा होतो, ही गोष्ट सहज झटकण्यासारखी नाही. पण अडचणही आहे. ग्रीक वाचकांनी हिब्रू अक्षरांत गणित करावे अशी अपेक्षा यात धरलेली आहे, आणि सुमारे १८० मध्ये या आकड्याची चर्चा करणाऱ्या आयरेनियस या बिशपने जी नावे सुचवली त्यांत नेरो नाही.

खरा पेच तारखेचा. याच आयरेनियसच्या म्हणण्याप्रमाणे हे दर्शन रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे ९५-९६ च्या सुमारास झाले. ‘बाबेल’ म्हणजे यरुशलेम आणि सगळा रोख इ. स. ७० मधल्या मंदिराच्या नाशावर, असे म्हणायचे असेल तर पुस्तक ७० च्या आधीचे असायलाच हवे. त्यासाठी १७:१० मधले ‘पाच पडले, एक आहे’ पुढे केले जाते: ज्युलियस सीझरपासून मोजले तर सहावा नेरो. ऑगस्टसपासून मोजले तर सहावा गाल्बा. कुठून मोजायचे हे मजकूर सांगत नाही. ‘बाबेल’ म्हणजे रोम असे मानणाऱ्यांना मात्र तारखेने फरक पडत नाही, म्हणून या पद्धतीतली ती शाखा जास्त सुरक्षित.

एक सावधगिरी. पुनरागमन आणि मृतांचे पुनरुत्थानसुद्धा ७० मध्येच उरकले, असे सांगणारा ‘पूर्ण’ भूतलक्षी गट आहे. ‘पुनरुत्थान होऊन गेले’ असे म्हणणाऱ्या हुमनाय व फिलेत यांना २ तीमथ्य २:१७-१८ मध्ये सत्यापासून बहकलेले म्हटले आहे. भाष्य भूतलक्षी असेल तर ते ‘अंशतः’ आहे की ‘पूर्ण’, हे आधी पाहून घ्या.

इतिहासलक्षी वाचन

धर्मसुधारणेनंतरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) दीर्घकाळ हीच पद्धत चालत होती; आयझॅक न्यूटनही याच वाटेने गेला. किल्ली एकच: भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष. आधार गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६. मग श्वापद म्हणजे पोपसत्ता असे धरून त्याचे ४२ महिने (१३:५) गुणिले ३० म्हणजे १२६० दिवस, म्हणजे १२६० वर्षे. ५३८ पासून मोजले तर १७९८ येते, आणि त्या वर्षी फ्रेंच सैन्याने पोप सहाव्या पायसला खरोखर कैद केले. इथे वाचक थक्क होतो. पण दुसऱ्यांनी ६०६ पासून मोजून १८६६ काढले, आणि त्या वर्षी अपेक्षेसारखे काही झाले नाही. सुरुवातीचे वर्ष शेवटाकडे पाहून निवडायची मोकळीक असली की एखादा जुळणारा शेवट सापडतोच.

ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख काढणाऱ्या, अमेरिकी उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांचे उदाहरण यातले सर्वांत बोलके. दानीएल ८:१४ मधल्या २३०० संध्याकाळ-सकाळी म्हणजे २३०० वर्षे, सुरुवात इ. स. पू. ४५७. आधी शेवट १८४३ धरला होता. इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हे लक्षात आल्यावर तो १८४४ वर सरकला आणि अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. त्या दिवशी ख्रिस्त आला नाही. बेरीज बिनचूक होती. चूक गृहीतकात होती: त्या अध्यायातले लहान शिंग म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकात यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करणारा राजा चौथा अँटायोकस, असे ज्यू आणि ख्रिस्ती भाष्यकार पूर्वापार मानत आले होते, आणि तसे असेल तर हे दिवस साधे दिवसच ठरतात.

शिवाय गणना आणि यहेज्केल इथे ‘दिवसाला वर्ष’ ही त्या त्या प्रसंगापुरती, एकदा शिक्षा म्हणून आणि एकदा चिन्ह म्हणून, दिलेली मोजणी आहे. सर्वत्र लावायचा नियम असे कुठेही म्हटलेले नाही. तो सर्वत्र लावलाच तर प्रकटीकरण २० मधली हजार वर्षे ३,६०,००० वर्षे होतात, आणि तिथे मात्र हा नियम बहुतेक जण गुपचूप बाजूला ठेवतात. तारीख काढण्यासाठी ही पद्धत घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत. दानीएल २ आणि ७ मधली राज्यांची मालिका समजून घेण्यापुरती ती उपयोगी आहे.

भविष्यलक्षी वाचन

सध्या सर्वाधिक कानावर पडते ते हेच, त्यातही जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) याच्या मांडणीतून आलेले आणि १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ-बायबलमधून घरोघरी पोहोचलेले रूप. त्याचा कणा प्रकटीकरणात नाही, दानीएल ९ मध्ये आहे. तिथली सत्तर सप्तके (सात-सात वर्षांचे गट) म्हणजे ४९० वर्षे. त्यातली एकोणसत्तर मशीहापर्यंत संपतात, मग मंडळीचा काळ येतो, आणि सत्तरावे सप्तक म्हणजे शेवटची सात वर्षांची मोठी विपत्ती.

तपासायच्या जागा दोन. पहिली सुरुवातीच्या हुकमाची, म्हणजे यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या पर्शियन राजाच्या ज्या हुकमापासून मोजायचे त्याची. कोरेशाचा हुकूम (इ. स. पू. ५३८), अर्तहशश्तच्या सातव्या वर्षाचा (४५७ च्या सुमारास) आणि नहेम्याला मिळालेला (४४५ च्या सुमारास) असे तीन उमेदवार आहेत. ४५७ पासून ४८३ साधी वर्षे मोजली तर इ. स. २७ येते. ४४५ पासून मोजायचे तर येशूच्या काळाच्या पलीकडे जाते, म्हणून रॉबर्ट अँडरसनने ३६० दिवसांचे वर्ष धरून १,७३,८८० दिवस मोजले आणि इ. स. ३२ गाठले. ज्यू लोक मात्र अधिक महिना घालून आपले वर्ष ऋतूंशी जुळवून घेत. शतकानुशतके ३६० दिवसांचेच वर्ष त्यांनी चालवल्याचा पुरावा नाही. सत्तरही सप्तके अँटायोकसपाशी संपवणाऱ्यांचेही गणित पूर्ण जुळत नाही: यरुशलेमच्या पाडावापासून (इ. स. पू. ५८७) अँटायोकसच्या शेवटापर्यंत (१६४) ४२३ वर्षेच भरतात, ६७ कमी पडतात. या अध्यायात कोणाचीही बाकी शून्य येत नाही, हे माहीत असूनच निवड करावी.

दुसरी जागा मधल्या खंडाची. ६९ आणि ७० मध्ये जवळपास दोन हजार वर्षांचे अंतर दानीएलात लिहिलेले नाही. बाजूने दिला जाणारा सर्वांत चांगला दाखला लूक ४:१८-१९ चा: येशू यशया ६१ वाचताना वाक्याच्या मध्येच थांबतो आणि ‘सूड घेण्याचा दिवस’ वाचत नाही, म्हणजे एकाच वचनात दोन आगमनांमधले अंतर असू शकते. हा दाखला शक्यता दाखवतो, सिद्धता नाही.

मंडळी मोठ्या विपत्तीआधीच वर घेतली जाईल हा या मांडणीचा सर्वांत लोकप्रिय भाग, आणि मजकुराच्या दृष्टीने सर्वांत पातळ. १ थेस्सलनीकाकरांस ४:१६-१७ मध्ये प्रभूला अंतराळात भेटणे आहे, पण ते विपत्तीच्या आधी की नंतर हे तिथे नाही. मत्तय २४:२९-३१ मध्ये निवडलेल्यांना गोळा करणे विपत्तीनंतर आहे. प्रकटीकरण ४:१ मधले ‘इकडे वर ये’ हे एकट्या योहानाला उद्देशून आहे. ‘तिसऱ्या अध्यायानंतर थेट २२:१६ पर्यंत मंडळी हा शब्द येत नाही’ असे सांगितले जाते. पण १३:७ मध्ये श्वापद पवित्र जनांशी लढते, आणि ते पवित्र जन कोण याचे वेगळे उत्तर द्यावे लागते. पुनरागमनाची आशा भविष्यलक्षीच ठेवायची, पण दोन टप्प्यांचे आगमन नको, असे वाटत असेल तर जुन्या पद्धतीचे सहस्रकपूर्व मत (आधी पुनरागमन, मग हजार वर्षांचे राज्य) पाहा. दुसऱ्या शतकातले जस्टिन मार्टर आणि आयरेनियस त्याच बाजूचे.

या पद्धतीतली नेहमीची चूक म्हणजे आधी बातमी वाचायची आणि मग वचन शोधायचे. टोळांचा अर्थ लावायला (अध्याय ९) आधी योएल १-२ उघडावे, वाट्यांसाठी (अध्याय १६) निर्गम ७-१०, श्वापदासाठी दानीएल ७. एवढे केले तरी हेलिकॉप्टर आणि संगणक-चिप यांचे निम्मे अर्थ आपोआप गळतात.

प्रतीकलक्षी वाचन

सात शिक्के, सात कर्णे आणि सात वाट्या या संकटांच्या तीन मालिका एकामागोमाग घडत नाहीत, तोच काळ पुन्हा पुन्हा वेगळ्या बाजूने दाखवला जातो, हे या पद्धतीचे मोठे देणे. पुरावा मजकुरातच आहे. सहाव्या शिक्क्याला आकाश गुंडाळले जाते, प्रत्येक डोंगर व बेट जागचे हलते (६:१४). तरी ८:१२ मध्ये सूर्य, चंद्र, तारे जागेवर आहेत आणि त्यांचा तिसरा हिस्सा अंधारतो, आणि १६:२० मध्ये बेटे पुन्हा पळून जातात. ११:१८ मध्ये मृतांच्या न्यायाची वेळ येते, आणि बाराव्या अध्यायात गोष्ट पुन्हा मुलाच्या जन्मापाशी सुरू होते. हे सरळ रेषेतले वेळापत्रक म्हणून वाचता येत नाही. तिसऱ्या शतकातल्या व्हिक्टोरिनसने, प्रकटीकरणावरचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भाष्य लिहिणाऱ्याने, ही पुनरावृत्ती ओळखली होती.

धोका असा की सगळेच सर्व काळाला लागू असेल तर कोणताही अर्थ चुकीचा ठरवता येत नाही. इफिस, स्मुर्णा, पर्गम ही नकाशावरची खरी शहरे होती, आणि शेवटही खराच शेवट आहे. हे भान सुटले की भाष्य गुळगुळीत उपदेश होऊन बसते.

हजार वर्षे

चार पद्धतींच्या आडवे इथे तीन कालक्रम येतात. पुनरागमन आधी, मग हजार वर्षे: सहस्रकपूर्व. आधी सुवार्तेमुळे सुवर्णकाळ, मग पुनरागमन: सहस्रकोत्तर. हजार वर्षे म्हणजे दोन आगमनांमधला आताचाच काळ: असहस्रकवाद, ज्याला ऑगस्टीनपासून पाश्चात्त्य मंडळीत वजन आले. निर्णय बहुतांशी २०:४-५ वर होतो. तिथे ‘जिवंत झाले’ दोनदा येते. दोन्हीकडे शरीराचे पुनरुत्थान धरले तर सहस्रकपूर्व मत नैसर्गिक ठरते, आणि पहिल्यांदा आत्मिक, दुसऱ्यांदा शारीरिक अर्थ घेणाऱ्याला कारण द्यावे लागते. असहस्रकवादी योहान ५:२५-२९ दाखवतात, तिथे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. सैतान आताच बांधलेला आहे याला मार्क ३:२७ चा आधार, आणि १ पेत्र ५:८ मधला फिरणारा सिंह हा आक्षेप. २०:३ मध्ये बांधण्याचा हेतू राष्ट्रांना न ठकवणे एवढाच सांगितला आहे, म्हणून तो आक्षेप निर्णायक नाही.

निवड करताना

कोणतेही भाष्य घेण्याआधी तीन जागा उघडा. १:१९ वर ‘पाहिले, आहे, होणार’ याचे तीन कालखंड पाडले असतील तर पुस्तक बहुधा भविष्यलक्षी. ११:१-२ मधले मंदिर ७० पूर्वीचे उभे मंदिर म्हटले आहे, पुन्हा बांधले जाणारे, की मंडळी, यावरून पद्धत लगेच कळते. २०:१-६ वर कालक्रम कळतो. या तीन ठिकाणी लेखक विरुद्ध मत त्याच्या उत्तम रूपात मांडत नसेल, तर बाकीची पाने वाचून फारसे हाती लागत नाही.

एकच पद्धत बावीस अध्यायांना लावायची गरज नाही. दानीएल ११:३५ पर्यंतचा भाग आणि लूक २१:२०-२४ भूतलक्षी वाचावा. तिथे अँटायोकस आणि यरुशलेमचा वेढा इतके स्पष्ट आहेत की दुसरे काही ओढून आणावे लागते. प्रकटीकरण ६ ते १६ साठी पुनरावृत्तीची चौकट, १३ आणि १७ मध्ये आधी रोम आणि मग रोमसारखी वागणारी कोणतीही सत्ता, आणि १९:११ पासून पुढे भविष्यलक्षी. हजार वर्षांबाबत मात्र गटात दोन मते राहू द्यावीत.

वर्ग घ्यायचा असेल तर सुरुवात सहाव्या अध्यायाने करू नका. आधी २-३ मधली सात पत्रे, मग ४-५ मधले सिंहासन आणि कोकरा, मग दानीएल ७, आणि त्यानंतरच शिक्के. कोणी तारीख विचारली तर मत्तय २४:३६ आणि प्रेषित १:७ उघडून वाचायचे आणि पुढच्या वचनाकडे वळायचे.