जुनी फाइनवेर्कबाऊ ६५ घ्यावी का मोरिनी १६२?

बालेवाडीला सोबत प्रॅक्टिस करणारा एक मित्र महिनाभर याच विचारात अडकलाय, म्हणून लिहितोय. दोन्ही १० मीटर नेमबाजीच्या एअर पिस्टल, छरा ४.५ मिमी.

मेहनत बघा आधी. ६५ मध्ये स्प्रिंग आहे, दर शॉटला बाजूचा लिव्हर ओढायचा, म्हणजे ६० शॉटच्या मॅचला ६० वेळा आणि सायटिंगचे (मॅचआधी नेम जुळवायचे शॉट) वेगळे, शेवटी खांदा बोलायला लागतो. मोरिनीत सिलिंडरमधली हवा असते, फक्त छरा घालायचा.

झटका? ६५ चा मुठीवरचा अख्खा भाग बॅरलसकट रुळावर मागे सरकतो आणि हाताला जवळजवळ काहीच कळत नाही, हे मेकॅनिझम एकदा तरी हातात घेऊन बघाच, मला आजही भारी वाटतं!

टिकाऊपणात मात्र सरळ निकाल नाही. जुन्या ६५ चा पिस्टन सील (हवा गळू न देणारा भाग) कधीकधी भुगा होतो, पण तो बदलला की गाडी परत चालू. मोरिनीच्या सिलिंडरला मुदत असते, शिवाय हवा भरायची सोय हवी, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घेतलात तर बॅटरीपण.

स्टेट, नॅशनल खेळायचंय तर डोळे झाकून मोरिनी. संग्रह करायचाय, घरी निवांत प्रॅक्टिस करायचीय तर ६५, फक्त सील तपासूनच पैसे द्या.