कोऱ्या क्लेम फॉर्मवर मी सही केली

१३ जून २०२५, शुक्रवार. रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी फोनवर मेसेज आला. वांद्रे-वरळी सी लिंक, फास्टॅगमधून १०० रुपये वजा. मी तेव्हा गोरेगावला घरात मटकी निवडत बसले होते. गाडी बुधवारपासून अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये होती, सर्व्हिसिंगला आणि एसीचा गॅस भरायला दिलेली. टोल चुकून कापला गेला असेल असं वाटलं आणि मी झोपून गेले.

सकाळी फोन केला तर सुपरवायझर म्हणाला, "ताई, ट्रायल घेतली. कूलिंग बघायचं होतं." रात्री बारा वाजता, अंधेरीहून वरळीपर्यंत ट्रायल? हे मी त्याला त्याच वेळी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. सात वर्षं गाडी त्याच गॅरेजला देत होते, विश्वास बसलेला होता.

सोमवारी त्याचाच फोन आला. "ताई, थोडंसं लागलंय. इथेच पार्किंगमध्ये. टेन्शन घेऊ नका, क्लेममध्ये बसवून देतो. तुम्हाला एक रुपया पडणार नाही."

ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले. उजव्या बाजूचा बंपर फाटलेला, हेडलाइट फुटलेला, फेंडर चाकापर्यंत आत चेपलेला. बंपरच्या खालच्या कडेला बोटभर रुंद पिवळा पट्टा आणि त्याला लागून काळा रंग, रस्त्याच्या दुभाजकाला असतो तसा. मी वाकून बघत होते तेवढ्यात हाताखालचा मुलगा ओलं फडकं घेऊन आला आणि तो रंग पुसायला लागला. सुपरवायझर त्याच्याकडे बघतही नव्हता. हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही, कारण फोन माझ्या हातात होता आणि मी एकही फोटो काढला नाही.

मग टेबलावर कागद आले. सहीच्या जागी पेन्सिलने आधीच फुल्या मारलेल्या. "इथे, इथे आणि इथे. बाकीचं आम्ही भरतो, आमचं रोजचंच काम आहे." मी तीन सह्या केल्या. फॉर्म पूर्ण कोरा होता. अपघात कुठे झाला, कधी झाला, गाडी कोण चालवत होतं, सगळे रकाने रिकामे. तिसरी सही काम समाधानकारक झाल्याच्या पावतीवर होती, आणि काम तर सुरूसुद्धा व्हायचं होतं.

गाडी घ्यायला गेले तेव्हा बिलात माझा वाटा निघाला ११,४०० रुपये. १,००० रुपये सक्तीचे वजावटीचे, तेवढे प्रत्येक क्लेमला जातातच. माझी झिरो डेप पॉलिसी (भागांची झीज न कापता पैसे देणारी) नाही, त्यामुळे बंपर आणि हेडलाइट हे प्लॅस्टिकचे भाग म्हणून निम्मी किंमत माझ्याकडून, गाडी सात वर्षांची म्हणून पत्र्याच्या फेंडरचे ४० टक्के माझ्याकडून, रंगाच्या मालाचेही निम्मे पैसे माझ्याकडून. मी वाद घातला. "ताई, कंपनीचा नियम आहे, आमच्या हातात काय?" नियम खराच आहे. पण गाडी मी आपटली नव्हती.

खरा धक्का सप्टेंबरमध्ये बसला, पॉलिसी रिन्यू करताना. पाच वर्षं एकही क्लेम न केल्यामुळे मला हप्त्यात ५० टक्के सूट मिळत होती, तोच नो क्लेम बोनस. तो शून्यावर आला. बोनस पुन्हा चढतो तो २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० असा. माझा ओडी प्रीमियम (माझ्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता) सूट धरण्याआधी साधारण ९,००० रुपये आहे. तोच कायम धरला तर पहिल्या वर्षी ४,५०० गेले, पुढची चार वर्षं अनुक्रमे २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५० जातील. एकूण ११,२५०. म्हणजे "एक रुपया पडणार नाही" म्हणता म्हणता माझे साडेबावीस हजारांच्या वर गेले.

तेव्हा मी विमा कंपनीला मेल करून क्लेमची कागदपत्रं मागवली. आठवड्याने आली. फॉर्मवर दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं: अपघाताची तारीख ८ जून. ठिकाण वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे. कुत्रा आडवा आल्याने गाडी दुभाजकाला घासली. चालक: स्वतः. खाली माझी सही. ८ जूनच्या रविवारी मी साताऱ्याला बहिणीकडे होते आणि गाडी आमच्या सोसायटीत उभी होती. वाचताना पोटात गोळा आला. गॅरेजने माझ्याच नावाने विमा कंपनीशी खोटं बोलून ठेवलं होतं, आणि कागदावर खोटं बोलणारी मी होते. खोट्या माहितीवर क्लेम घेतल्याचं उघड झालं तर कंपनी पॉलिसीधारकालाच धरते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकील काकांनी सगळं ऐकून आधी जॉब कार्ड मागितलं. नशिबाने ते मी ठेवलं होतं. त्यावर गाडीची चारही बाजूंची छोटी चित्रं असतात, गाडी आत घेताना जिथे ओरखडा असेल तिथे फुली मारतात. माझ्या कार्डावर तारीख ११ जून, आणि फुली एकच, डाव्या मागच्या दारावर. पुढच्या बंपरवर काही नाही. म्हणजे ८ तारखेला हायवेवर फाटलेला बंपर ११ तारखेला गॅरेजच्याच कागदावर धडधाकट. किलोमीटरचा आकडाही लिहिलेला होता. गाडी मिळाल्यावर मी तो जुळवून बघितला असता तर सी लिंकची फेरी तिथेच उघडी पडली असती.

काकांनी सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं. गाडी दुरुस्तीला देणं म्हणजे १८७२ च्या करार कायद्यातला निक्षेप, म्हणजे ठराविक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं, कलम १४८. कलम १५१ प्रमाणे गॅरेजवाल्याने ती गाडी शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तशी सांभाळायची. त्याने निष्काळजीपणा केला तर भरपाई त्याने द्यायची, माझ्या पॉलिसीतून नाही. त्यासाठी गॅरेजवाल्यांना वेगळी मोटर ट्रेड पॉलिसी घेता येते. जॉब कार्डाच्या मागे बारीक अक्षरात "आम्ही जबाबदार नाही" असं छापलेलं असतं, त्याला घाबरून जायचं नाही. १९९८ मध्ये दिल्लीतल्या एका हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून (चावी घेऊन हॉटेलचाच माणूस गाडी लावतो ते) एक मारुती झेन चोरीला गेली. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि नंतर हॉटेलकडून वसुलीसाठी दावा लावला. पावतीवर असंच वाक्य छापलेलं होतं, तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलला जबाबदार धरलं.

त्या रात्री त्या माणसाने कुणाला उडवलं असतं तर? हा प्रश्न मी काकांना विचारला तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. गाडी दुरुस्तीला दिलेली असताना गॅरेजच्या माणसाच्या हातून तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तरी गाडीच्या विमा कंपनीची जबाबदारी संपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच म्हटलेलं आहे. म्हणून थर्ड पार्टी विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नका, गाडी गॅरेजमध्ये पडून असली तरी.

विमा कंपनीला मी स्वतःच खरं काय ते लिहून कळवलं, जॉब कार्ड आणि टोलचा मेसेज जोडून. त्यांनी नोंद घेतल्याचं उत्तर आलं, बोनस परत मिळालेला नाही. गॅरेजच्या मालकाने ५,००० रुपये देऊ केले, पण त्याआधी "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागितली. मी उठून आले. आता तक्रार वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे. घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

ज्यांची गाडी या क्षणी गॅरेजमध्ये आहे आणि ज्यांनी "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून सही करून दिली आहे, त्यांनी आजच पॉलिसी नंबर हाताशी घेऊन विमा कंपनीला फोन करा. माझ्या नावावर क्लेम उघडलाय का, त्यात अपघाताची तारीख कोणती आणि चालक म्हणून कोणाचं नाव आहे, एवढंच विचारा. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन जायच्या आत विचारा.