नवी लागवड की उभं जंगल?

जुलै आला की खड्डे, रोपं आणि फोटो. महाराष्ट्रात 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी रोपांचं लक्ष्य होतं. वाईट काहीच नाही. उजाड माळावर झाड हवंच. पण रोप हातभर असतं, त्याला कार्बन साठवायला वर्षं लागतात, आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हा प्रश्न फोटोत दिसत नाही.

दुसरीकडे गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये ग्रामसभेला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतः बांबू विकू लागलं. इथे तोड थांबवलेली नाही, हे शहरी मंडळींना पचत नाही. बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, नियम सोपा: पावसाळ्यात फुटलेले वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, राखायचे, जून झालेल्या काठ्या तेवढ्या काढायच्या. रांजी जिवंत राहते, मजुरी गावात राहते. ज्या जंगलातून पैसा येतो, तिथे वणवा लागला की माणसं झाडाच्या फांद्या घेऊन धावतात. मोहफुलं वेचायला पालापाचोळा जाळण्याची सवय मात्र अनेक गावांत आहे, ती अजून सुटायची आहे.

उभ्या जंगलात कार्बन खोडातच नाही, मुळांत आणि मातीतही असतो. ते तोडून दुसरीकडे रोपं लावली, तर हिशेब लगेच जुळत नाही.

माझं मत विचाराल तर पैसा आधी जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेले पट्टे) आणि राखणीवर. उरला तर खड्डे.