टोकियो–दिल्ली: वर्षभरात पाच वाऱ्या आणि दोन तासांचा हिशोब

जानेवारीत दिल्लीला पुण्याचं विमान चुकलं आणि ६,४०० रुपये पाण्यात गेले. तेव्हापासून हे लिहायचं होतं.

पुण्याचं तिकीट मी वेगळं काढलं होतं, चार हजार वाचत होते म्हणून. मधे जेमतेम दोन तास. टोकियो–दिल्ली अंतर सरळ रेषेत सुमारे ५,८५० किलोमीटर, म्हणजे सात-साडेसात तास, असं एका साइटवर वाचलं होतं. तिकिटावर मात्र साडेनऊ तास. मला वाटलं, कंपनीने उशीर झाकायला वेळ वाढवून छापलीय, तासभर तरी आधी उतरू. उतरलो बरोबर साडेनऊ तासांनीच. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स करून धावत गेले तर काउंटर बंद.

रागाने कंपनीला लांबलचक ईमेल लिहिली. आता कबूल करते, ती चुकीची होती.

परतताना समोरच्या स्क्रीनवर वेग बघत बसले. दिल्लीला जाताना तो ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास होता, आता १,१०० च्या वर! विमान तसंच, फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून जपानपर्यंत पश्चिमेकडून पूर्वेला जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहतो, आणि जपानवर तर तो ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. टोकियोकडे येताना तो पाठीशी, दिल्लीकडे जाताना छातीवर. हे वारे जपानी हवामानशास्त्रज्ञ ओइशी वासाबुरो यांनी १९२० च्या दशकात टोकियोजवळच्याच तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून मोजले होते. अहवाल १९२६ साली छापला तो एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत, त्यामुळे बाहेर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला मात्र त्या माणसाबद्दल फार आदर वाटू लागलाय.

शिवाय ते ५,८५० किलोमीटर विमान कधी उडतच नाही. सरळ रेषा तिबेटवरून जाते. केबिनमधला दाब गेला तर विमानाला लगेच १०,००० फुटांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर, म्हणजे त्याहून उंच. प्रवाशांचा ऑक्सिजन तर मोजक्या मिनिटांचा. म्हणून विमान वळसा घालून बंगाल, म्यानमार, दक्षिण चीन असं जातं. अंतराला वेगाने भागून तास सांगणाऱ्या साइट्सनी हे लिहायलाच हवं. माणसं त्यावर तिकिटं काढतात.

मग जुलै आला आणि माझं मत पुन्हा थोडं बदललं. तोच टोकियो–दिल्ली प्रवास साडेआठ तासांत झाला. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम उत्तरेला सरकतो, जाण्यायेण्यातला फरक तासाभरावर येतो. म्हणजे पैसे वाचवायचेच असतील तर जून ते ऑगस्टमध्ये थोडी जोखीम घ्या, डिसेंबर ते फेब्रुवारीत अजिबात नको.

बाकी जेवण ठीक, सीट ठीक. साडेतीन तासांच्या घड्याळफरकाचा त्रास मला टोकियोला परतल्यावरच होतो, दोन दिवस सकाळी उठवत नाही.

डिसेंबरचं तिकीट काल काढलं. पुण्यापर्यंत एकाच पीएनआरवर, मधे चार तास. ३,९०० जास्त गेले, पण या वेळी देताना हात अडखळला नाही. आईला सांगून ठेवलंय, पोचायला मध्यरात्र होईल, जेवायला थांबू नकोस.